हरतुंगेसाहेबांची शांतता

नाटकाच्या शेवटी जिथं कुणीच काही बोलायचं नव्हतं, तिथं मी बोललो. चांगलं खणखणीत बोललो. पनवेलच्या शाळेच्या हॉलमध्ये अगदी मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. त्यामुळं एका जर्मन दिग्दर्शकाला हवा असलेला सिनेमा आधी मिळाला आणि मग गेला. माझा हेतू चांगला होता, असं मी तेव्हापासून सांगत आलोय. ऐकून घेणारे आता फार उरले नाहीत.

त्यांचं नाव हार्टुंग. पनवेलात राहायला आल्यावर महिन्याभरात त्यांचे हरतुंगे झाले. पोस्टमन हरतुंगे म्हणायचा, वाणी हरतुंगे म्हणायचा, नगरपालिकेच्या जकात नाक्यावर मी कारकून होतो तिथंही ते हरतुंगेच. त्यांचं गोत्र तेवढं कुणी विचारलं नाही. उंच, हाडकुळे, गुडघ्यापर्यंत खाकी चड्डी, खाली पांढरे मोजे आणि हातात छत्री. ही छत्री ते उन्हात उघडत नसत आणि पावसातही फारशी नाही. ती दाखवायला होती. 'तो माणूस', 'ती खिडकी', 'तिथून इथं चाला' हे सगळं छत्रीनं.

राहायचे ते खाडीकडेला, हौसाबाई पाटलिणीच्या ओटीशेजारच्या खोलीत. हौसाबाईंचे यजमान वारलेले. दोन मिठागरं त्या एकट्या चालवीत आणि आवाज असा, की खाडीच्या पलीकडच्या मजुराला सूचना द्यायची तर होडी लागत नसे. हरतुंगेसाहेब मराठी शिकले ते हौसाबाईंकडून. त्यामुळं झालं काय, की हा माणूस तोंड उघडायचा आणि त्यातून निघायचं, "मना नाय आवरला," म्हणजे मला नाही आवडलं. आमच्या हौशी नाट्यमंडळात शुद्ध भाषेचा मोठा दरारा. 'न' आणि 'ण' यांवरून एकदा उपाध्यक्षांनी राजीनामा दिला होता. तिथं हा गोरा साहेब मिठागराची भाषा बोलायचा, आणि तीही प्रत्येक अक्षर तासून, एकेक शब्द टेबलावर मांडावा तशी. सुरुवातीला आम्ही हसायचो. मग लक्षात आलं, की आपण हसतो तेव्हा तो माणूस आपल्याकडे फार बारकाईनं बघतो.

बघणं हाच त्यांचा धंदा. बाजारात जाऊन भाजी न घेता तासभर उभे राहायचे. कुणी कोळीण गिऱ्हाइकाला झिडकारून तोंड फिरवायची, की हे मान हलवायचे, "खरा हाय." कुणी दुकानदार गिऱ्हाईक बघून हसला, की, "खोटा हाय." माणसं, देव, सरकार, सगळ्यांची वर्गवारी या दोनच कप्प्यांत. एका झेंडावंदनाला आमचे नगराध्यक्ष हुतात्म्यांच्या आठवणीनं गहिवरले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, डोळ्यांना लावला, सगळं मैदान स्तब्ध. तेवढ्यात मागून छत्री वर झाली आणि हरतुंगेसाहेब शांतपणे म्हणाले, "रुमाल लवकर काडला."

नगराध्यक्षांनी चौकशी केली, कुणी म्हटलं म्हणून. पण पुढच्या वर्षी रुमाल गहिवरल्यानंतर दोन वाक्यांनी निघाला, हे मी स्वतः पाहिलंय.

त्यांची मागची हकीकत आम्हाला तुकड्यातुकड्यांनी कळली. एकदम सांगायची त्यांना सवय नव्हती. जर्मनीतल्या कुठल्याशा लहान गावात नाटकघर होतं. तिथं ते पोरवयात पडद्यामागं पत्रा हलवून ढगांचा गडगडाट करायचे. मग दिग्दर्शकाचे मदतनीस, मग दिग्दर्शक, मग तीन-चार मूक सिनेमे. त्यांतल्या एकात नायक नुसता चालतच राहतो आणि लोक उठून गेले, हे ते अभिमानानं सांगत. मग तिकडं राज्य बदललं. त्यांच्या नाटकातली मुख्य नटी ज्यू होती, तिला काढा असा हुकूम आला. साहेबांनी तिला काढली नाही, तिच्याबरोबर स्वतःच निघाले. ती अमेरिकेला गेली, हे मुंबईला आले. इथल्या एका स्टुडिओत त्यांनी हिंदीचा एक शब्द न येता दोन पौराणिक चित्रपट काढले. एकाचं थोडं चित्रण आपल्या कर्नाळ्याच्या पायथ्याशी झालं, त्यातून पनवेल माहीत. मग लढाई लागली आणि इंग्रजांनी त्यांना जर्मन म्हणून छावणीत कोंडलं. "तिकडं बोलले, तू पुरता जर्मन नाय. इकडं बोलले, तू पुरता जर्मन हाय," असं म्हणून ते हसायचे. हसणं मात्र एका बाजूनं.

लढाई संपली, सुटले, तोवर स्टुडिओ बंद पडलेला आणि ओळखीची माणसं पांगलेली. छातीला खारी हवा बरी म्हणून खाडीकाठी आले आणि कोंबड्या पाळायला लागले. कोंबड्यांनाही ते तालमी द्यायचे. तीन टाळ्या वाजवल्या की सगळ्या उजवीकडून आत यायच्या. एक पांढरी मात्र नेहमी डावीकडून यायची. तिच्याशी त्यांचा अबोला होता.

आमचा संबंध आला तो असा. गणपतीत आमच्या मंडळाचं नाटक होतं. मी मंडळाचा प्रॉम्प्टर. हे काम मी बारा वर्षं केलं आणि मन लावून केलं. आमचे मुख्य नट अप्पा सोमण, धंद्यानं कंपाउंडर. आवाज पहाडी, अश्रू हुकमी, पाठांतर शून्य. विंगेतून मी वाक्य फेकायचं आणि अप्पांनी ते झेलून गर्जायचं, अशी आमची जोडी जमली होती. नाटक संपल्यावर हरतुंगेसाहेब मागं आले. अप्पा हार घालून घ्यायच्या बेतानं पुढं झाले. साहेबांनी त्यांना छत्रीनं बाजूला केलं आणि विचारलं, विंगेत कोण होता. मी लाजत पुढं झालो.

"सगल्यांत चांगला आवाज तुमचा," ते म्हणाले. "पयल्यापासून ऐकला. पुढच्या नाटकात तुमी नाय पायजे."

पुढचं नाटक कोण बसवणार, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पण त्यांनी ते असं सांगितलं, की समितीला वाटलं आपणच ठराव केलाय.

नाटक त्यांच्या डोक्यात होतं. छावणीत कैद्यांकडून एकदा बसवलेलं. त्यांनी सांगावं आणि मी शुद्ध मराठीत उतरवावं, असं ठरलं. गोष्ट साधी. एका म्हाताऱ्याचा मुलगा बोटीवर खलाशी म्हणून जातो. लढाईत बोट बुडाल्याची अफवा येते. बाप मानत नाही. तीन अंक वाट बघतो. शेवटी मुलाचा सोबती येऊन खरं काय ते सांगतो आणि निघून जातो. मग बाप एकटा बसून राहतो. हातात काहीतरी काम असतं, ते तो करत राहतो. बोलत नाही. बराच वेळ. मग पडदा.

मी विचारलं, "आणि शेवटचं वाक्य?"

"नाय."

"निदान मुलाचं नाव तरी?"

"नाय."

ह्या शांततेसाठीच सगळं नाटक आहे, असं ते म्हणाले. जर्मनीत ती जमली नव्हती, तिथला नट खोकायचा. छावणीत पहारेकऱ्यानं शिट्टी मारली. मग ओटीवरून खाडीकडे बघत हळूच म्हणाले, की इतकी वर्षं काही बसवलं नाही, आता हात चालतो का तेच कळत नाही. ते कळायला हवं. एवढंच त्यांना हवं होतं.

म्हाताऱ्याच्या हातात काय काम द्यायचं, हे हौसाबाईंच्या ओटीवर ठरलं. त्या मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या. आमच्याकडे वालाचं बिरडं करायचं म्हणजे एकेक दाणा बोटांत दाबून साल काढायची, कंटाळवाणं काम. साहेब बराच वेळ त्या बोटांकडे बघत राहिले आणि छत्री उचलून म्हणाले, "ह्यो."

दुसऱ्या दिवसापासून तालीम हौसाबाईंच्या ओटीवर. अप्पांना महिनाभर एकही वाक्य बोलू दिलं नाही. फक्त वाल सोलायचे. पहिल्या दिवशी अप्पा प्रत्येक दाणा नाटकी उसासा टाकून सोलायला लागले. साहेब म्हणाले, "वाल मेलाय का? रडता कशाला?" हळूहळू अप्पा गप्प झाले. त्यांचा तो पहाडी चेहरा सैल पडायला लागला. एके दिवशी सोलता सोलता ते थांबले, एका दाण्याकडे बघत बसले आणि पुन्हा सोलायला लागले. साहेब माझ्या कानाशी म्हणाले, "खरा हाय." अप्पांबद्दल असं कुणी म्हणेल, असं मला वाटलं नव्हतं. अप्पांच्या बायकोलाही वाटलं नव्हतं, तिनं नंतर तसं सांगितलं. मग वाक्यं आली, मोजकीच, आणि अप्पांनी ती सोलता सोलता जन्मात पहिल्यांदा पाठ केली.

गावात मात्र बोलवा उठली, की जर्मनसाहेब नाटकाच्या नावाखाली पाटलिणीचं बिरडं सोलून घेतो. हौसाबाईंनी ते नाकारलं नाही. उलट तालीम किती वेळ चालणार हे विचारून त्या वाल कमीजास्त भिजत घालू लागल्या.

दिवाळीनंतर एका रविवारी दुपारी प्रयोग ठरला. दुपारी, कारण मुंबईहून मगनशेठ येणार होते आणि त्यांना उजेडी परतायचं होतं. मगनशेठ म्हणजे साहेबांच्या पौराणिक चित्रपटांचे जुने भांडवलदार. ते नवा सिनेमा काढत होते. नाटक आवडलं तर दिग्दर्शन हरतुंगेसाहेबांकडे, असा निरोप आला होता. त्या दिवशी साहेबांनी पहिल्यांदा लांब विजार घातली. हौसाबाईंनी ती तांब्यात निखारे घालून स्वतः इस्त्री केली होती. विजारीला दोन ठिकाणी मागून इस्त्री होती आणि पुढून नव्हती, पण तेवढं चालायचं.

हॉलच्या खिडक्यांना भाताच्या गिरणीतली गोणपाटं लावून काळोख केला होता. माझ्याकडे पडद्याची दोरी. साहेबांनी माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं होतं आणि बजावलं होतं, की ते हॉलच्या मागून छत्री वर करतील तेव्हाच दोरी सोडायची. तोवर हात आणि तोंड दोन्ही बंद.

नाटक रंगलं. लोक खोकलेसुद्धा नाहीत. सोबती आला, सांगून गेला. अप्पा एकटे. पुढ्यात वालाचं भांडं. एक दाणा. दुसरा. तिसरा.

तालमीत ही शांतता मी अनेकदा पाहिली होती. पण ओटीवरची शांतता वेगळी आणि भरल्या हॉलमधली वेगळी. बारा वर्षांत माझ्या कानांना एवढंच माहीत होतं, की नट गप्प झाला म्हणजे त्याचं वाक्य गेलं. मागच्या छत्रीकडे पाहिलं, ती खालीच. अप्पांकडे पाहिलं. त्यांचे ओठ किंचित विलग झालेले. माझ्या मनानं घेतलं, गेला, अप्पा गेला, आणि सगळं नाटक घेऊन गेला. पुढचं वाक्य नाहीच, हे मला ठाऊक होतं. पण त्या क्षणी ते आठवलं नाही. जिभेवर जे जुन्या नाटकांचं साठलेलं होतं, ते आलं आणि मी विंगेतून ठणकावलं:

"बाळा, तुझ्या बापाला सोडून कुठं रे गेलास!"

एवढ्यावर भागलं असतं. लोकांनी कुणीतरी मध्ये बोललं म्हणून सोडून दिलं असतं. पण अप्पांचीही बारा वर्षं होती. विंगेतून वाक्य आलं म्हणजे ते झेलायचं, हे त्यांच्या रक्तात भिनलेलं. त्यांनी वालाचं भांडं लोटून दिलं, गुडघ्यांवर आले, दोन्ही हात पसरले आणि महिनाभर दाबून ठेवलेला तो सगळा पहाड एकदम फोडला:

"बाळा! तुझ्या बापाला सोडून कुठं रे गेलास!"

हॉल हमसाहमशी रडायला लागला. टाळ्या थांबेनात. 'वन्स मोअर' आला. अप्पांनी तो दोनदा दिला. दुसऱ्या खेपेला छातीही पिटली. मी दोरी कधी सोडली, मला आठवत नाही. एवढं आठवतं, की मागं भिंतीशी साहेब छत्रीला दोन्ही हातांनी धरून उभे होते आणि छत्री शेवटपर्यंत वर झाली नाही.

मगनशेठ डोळे पुसत मागं आले. त्यांनी साहेबांचे दोन्ही हात धरले. म्हणाले, सिनेमा तुमचा. उद्या मुंबईला या. हाच शेवट घेऊ, फक्त असली वाक्यं आणखी दहा-वीस घाला, आणि तो आवाज आधी अदृश्यातून येतो ही जी जर्मन करामत आहे, ती तर ठेवाच.

मी पडद्यामागं उभा होतो. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, चला, वाया नाही गेलं. साहेबांनी फक्त मान हलवली असती, तर उरलेलं आयुष्य त्यांना कोंबड्यांना टाळ्या वाजवाव्या लागल्या नसत्या. नाहीतरी खरं कुणाला माहीत होतं? मला. आणि मी काय, बोलणार नव्हतो.

साहेबांनी पडदा बाजूला सारला आणि छत्री माझ्याकडे केली.

"शेठ, ह्यो शेवट माजा नाय. ह्यो त्याचा हाय. सिनेमा त्याला द्या."

शेठ हसले. त्यांना वाटलं, थट्टा. मग साहेबांनी त्यांना स्वतःचा शेवट सांगितला. म्हातारा बसतो, सोलतो, बोलत नाही. शेठ म्हणाले, साहेब, थिएटरात लोक खुर्च्या फेकतील. साहेब म्हणाले, फेकू देत. शेठनी थोडा वेळ वाट पाहिली, मग घड्याळ पाहिलं. मोटारीत बसताना त्यांनी मला बाजूला बोलावून नाव विचारलं. मी सांगितलं, तेही पूर्ण, वडिलांच्या नावासकट. आपल्याला बोलावणं येईल असं मला त्यापुढं सहा महिने वाटत होतं.

साहेब मला रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते दोन दिवस खोलीबाहेर आलेच नाहीत. हौसाबाईंनी मला बाजारात गाठलं आणि चारचौघांत विचारलं, "काय रं, तुजं त्वांड शिवायला सुई घेऊन येऊ का आता?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, की तो जेवत नाय. आणि तसंही शाळेच्या हॉलात माज्या मिठागरच्या बायांना कोनी बसायला जागा दिली नव्हती. नाटक माज्या खळ्यावर होईल. तुज्या अप्पाला सांग.

ती विनंती नव्हती, हुकूम होता. अप्पा मुकाट आले. त्या दोनदा दिलेल्या वन्स मोअरची त्यांना आतून लाज वाटत होती, असं मला वाटतं. कारण त्यांनी हार-तुऱ्याचं विचारलं नाही.

उन्हं कलताना खळ्यावर प्रयोग लागला. पडदा नाही, विंग नाही. समोर मिठागरातल्या बाया, पायांच्या भेगांत पांढरं मीठ तसंच. साहेबांनी मला आपल्या शेजारी मांडी घालून बसवलं. तिसरा अंक लागला तेव्हा त्यांनी खिशातून शेंगदाण्याचा एक टणक लाडू काढला.

"तोंडात ठेवा. चावू नका."

मी ठेवला. माझे दोन्ही गाल फुगले. पुढ्यात अप्पा एकटे. एक दाणा. दुसरा. माझी जीभ पुन्हा वळवळली, पण लाडू माझ्यापेक्षा भक्कम होता. बाया हलत नव्हत्या. कुणीतरी पदर तोंडाला लावला तेवढाच. तेवढ्यात डावीकडून ती पांढरी कोंबडी आली, कुणीही टाळी वाजवलेली नसताना. ती सरळ अप्पांपाशी गेली. मी डोळे मिटले. आता हसतील. कुणी हसलं नाही. डोळे उघडले तेव्हा अप्पा तिच्याकडे न बघताच वालाची सालं तिच्यापुढं सरकवत होते आणि सोलत होते. असं किती वेळ चाललं, कोण जाणे. शेवटी साहेबांनी छत्री वर केली. पडदाच नव्हता, त्यामुळं काही झालं नाही. बाया तशाच बसून राहिल्या. मग एकेक उठली आणि न बोलता घरी गेली. टाळी एकही नाही.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. डोळे पुसले नाहीत, चष्माच पुसला. मग अप्पांपाशी जाऊन त्यांच्यासमोर खाली बसले आणि त्यांच्या पुढ्यातले वाल सोलायला लागले. दोघं बराच वेळ सोलत होते. हौसाबाईंनी घरातून ओरडून विचारलं, की जेवायला वाढू का. साहेब म्हणाले, "वाडा. आता भूक लागली."

त्यानंतर वर्षाच्या आत ते परत गेले. त्यांच्या गावचं नाटकघर लढाईत अर्धं पडलं होतं, उरलेल्या अर्ध्यात कुणी नाटकं करत होतं. तिथं त्यांना माणूस हवा होता की यांनीच आपण हवे आहोत असं ठरवून टाकलं, हे नक्की कळलं नाही. आमच्या मंडळाचा अनुभव बघता मला यातलं दुसरं खरं वाटतं. त्यांना कुणी विचारलं, या वयात जमेल का, तर म्हणायचे, "हात चालतो. मी बगला."

मुंबईपर्यंत ते तांदळाच्या मचव्यातून जायला निघाले. एस.टी. नको म्हणाले. बंदरावर हौसाबाई आल्या होत्या, अप्पा आले होते. मचवा भरतीवर सुटणार आणि साहेब दर पाच मिनिटांनी घड्याळ बघून खाडीकडे असं बघत होते, जणू पाणी तालमीला उशिरा आलंय. हौसाबाईंनी त्यांना सुक्या मासळीचं एवढं मोठं गाठोडं दिलं, की मचव्याचा तांडेल कुरकुरला. साहेबांनी ते मांडीवर घेतलं आणि मचव्याच्या कडेला ताठ बसले.

पाणी चढलं. दोर सुटला. मला काहीतरी मोठं बोलावंसं वाटत होतं. सुचलं नाही, म्हणून मी ओरडून विचारलं, "साहेब, तिकडं नाटक बसवाल, त्यात माझ्यासारख्याला एखादं काम असेल का हो?"

मचवा दोन हात दूर गेला होता. साहेबांनी प्रश्न हसण्यावारी नेला नाही. गाठोड्यावर हात ठेवून त्यांनी नीट विचार केला. मग छत्री माझ्याकडे रोखून, एकेक अक्षर सुटं करत म्हणाले,

"हाय. तिकिटा फाडा. नाटक सुरू झाला की घरी जा."